वाढत्या शहरात बस आणि सायकल : आधी रस्त्याची वाटणी, मग खरेदी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराची लोकसंख्या दहा लाखांकडे चालली आहे. महापालिकेत उड्डाणपूल आणि मेट्रोची चर्चा जोरात आहे. बस आहेत, पण त्यांचा भरवसा नाही. सायकल चालवायची इच्छा असणारे बरेच आहेत, पण रस्त्यावर उतरायची भीती वाटते. मुख्य रस्ते २४ मीटर रुंद, जुन्या भागातले रस्ते अरुंद. सुरुवात कुठून करायची, आणि बस व सायकल दोन्हींना जागा पुरेल का?

सार्वजनिक वाहतुकीच्या नियोजनात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा प्रश्न आला की मी आधी एकच गोष्ट सांगतो: आहे त्या रस्त्याची वाटणी आधी ठरवा. नव्या बस, सायकलींची भाडेयोजना, मोबाइल ॲप, चकचकीत थांबे हे सगळं त्यानंतर. वाटणी न ठरवता केलेली खरेदी कोंडीत अडकून पडते. वाटणी ठरली की जुन्या बससुद्धा चांगल्या धावू लागतात.

हे नुसतं म्हणून पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. समजा एक मार्ग १२ किलोमीटरचा आहे आणि गर्दीच्या वेळी बस सरासरी ताशी १२ किलोमीटर वेगानं जाते. जायला ६० मिनिटं, यायला ६०, दोन्ही टोकांना मिळून २० मिनिटांची विश्रांती. एक पूर्ण फेरी १४० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर १४ बस लागतील. आता हाच वेग ताशी १६ किलोमीटर झाला, तर एका बाजूचा प्रवास ४५ मिनिटांवर येतो, फेरी ११० मिनिटांची होते, आणि त्याच १४ बसमध्ये जवळपास दर आठ मिनिटांनी बस मिळते. एकही नवी बस नाही, एकही नवा चालक नाही. इंधनाचा खर्च सोडला तर बस चालवण्याचा बहुतेक खर्च तासांवर ठरतो. चालकाचा पगार किलोमीटर मोजून दिला जात नाही. त्यामुळे कोंडीत वाया गेलेला प्रत्येक तास परिवहन विभागाच्या खिशातून जातो.

ही १५ मिनिटं कुठून मिळतात? दर ५०० मीटरवर थांबा धरला तर १२ किलोमीटरवर साधारण २४ थांबे होतात. प्रत्येक थांब्यावर बस ४० सेकंद उभी राहत असेल आणि ती वेळ २० सेकंदांवर आली, तर आठ मिनिटं वाचली. त्यासाठी तिकीट आधी काढलेलं असावं, चढणं-उतरणं सगळ्या दारांतून व्हावं, आणि फलाट बसच्या पायरीच्या उंचीला असावा, म्हणजे म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायकांना कसरत करावी लागत नाही. उरलेली सात मिनिटं सिग्नलवर आणि बस लेनमुळे मिळतात. बस जवळ आली की हिरवा दिवा काही सेकंद जास्त ठेवायचा किंवा लाल दिवा थोडा लवकर संपवायचा. हे तंत्र जुनं आहे आणि चालतं.

दुसरी गोष्ट नियमितपणाची. वेळापत्रकावर दर दहा मिनिटांनी बस असेल आणि त्या खरोखर सारख्या अंतरानं येत असतील, तर माणूस सरासरी पाच मिनिटं थांबतो. पण दोन-दोन बस एकामागोमाग येऊन मग वीस मिनिटं काहीच नाही, असं होऊ लागलं की सरासरी वाट पाहणं थेट दहा मिनिटांवर जातं. बस तेवढ्याच, खर्च तेवढाच, सेवा मात्र निम्मी. याचं कारण चालकांचा निष्काळजीपणा नसतो. पुढची बस जरा उशिरा पोहोचली की थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात, त्यांना घेता घेता ती आणखी मागे पडते. मागचीला माणसंच मिळत नाहीत, म्हणून ती पुढचीला गाठते. रस्ता मोकळा आणि थांब्यावरचा वेळ कमी असेल तर हे दुष्टचक्र सुरूच होत नाही. नियंत्रण कक्षातल्या माणसाला दोन बसमधलं अंतर दिसत असेल तर तो मागचीला थोडं रोखून धरू शकतो. बसमध्ये जीपीएस बसवूनही त्याचा उपयोग फक्त चालकांना दंड करण्यासाठी होतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे आणि त्याचं वाईट वाटतं.

आता मार्गांबद्दल. जुन्या शहरांत बसमार्ग वर्षानुवर्षं एकेका मागणीनं वाढत गेलेले असतात. अमुक वसाहतीतून थेट स्टेशनला बस हवी, तमुक कारखान्यापर्यंत एक फेरी वाढवा. शेवटी शंभर मार्ग होतात आणि प्रत्येकावर तासाला एक बस. असं जाळं नकाशावर भरगच्च दिसतं, पण त्याच्या भरवशावर कोणी घराबाहेर पडत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरानं ऑगस्ट २०१५ मध्ये आपलं अख्खं बसचं जाळं एका दिवसात बदललं. चालवण्याचा खर्च जवळपास तेवढाच ठेवून वळणावळणाचे मार्ग सरळ केले आणि वारंवार धावणाऱ्या बसचे मार्ग आठवड्याचे सातही दिवस चालू ठेवले. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये १ जुलै २००४ ला याहून मोठा बदल झाला. मार्गांची फेरआखणी, मार्गाच्या प्रकारानुसार बसचे रंग, मोठ्या रस्त्यांच्या मध्यभागी बस लेन आणि बस व मेट्रोला अंतरानुसार एकत्रित भाडं. पहिल्या काही दिवसांत गोंधळ झाला, लोक चिडले, पण व्यवस्था टिकली.

सरळ मार्ग केले की काही लोकांना बस बदलावी लागते, आणि बदलावर लोकांचा राग असतो. तो रास्तही आहे, कारण आज बदल म्हणजे नवं तिकीट आणि अर्धा तास उन्हात उभं राहणं. भाडं एकच असेल, पुढची बस पाच-सात मिनिटांत येत असेल आणि तीही त्याच थांब्यावर, तर राग विरतो. यातली एक जरी अट पाळता येत नसेल तर लोकांवर बदल लादू नका.

मोफत प्रवासाबद्दलही नेहमी विचारलं जातं. एस्टोनियाची राजधानी टॅलिननं २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना प्रवास मोफत केला. प्रवासी वाढले, पण त्यांतले बरेच पूर्वी पायी जाणारे होते. गरिबांना सवलत जरूर द्यावी, ती माझ्या मते शहराची जबाबदारीच आहे. पण गाडीवाल्याला बसमध्ये आणायचं असेल तर त्याला स्वस्त तिकिटापेक्षा भरवशाची बस जास्त महत्त्वाची वाटते. हातात मर्यादित पैसे असतील तर ते आधी फेऱ्यांवर घाला.

बस लेनचा विषय निघाला की "एक लेन वाया जाईल" हा आक्षेप येतो. शहरी रस्त्यांच्या रचनेवर काम करणारी अमेरिकी संस्था नॅक्टोच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत सुमारे तीन मीटर रुंद लेनची क्षमता दिली आहे: फक्त खासगी गाड्या असतील तर तासाला ६०० ते १,६०० माणसं, राखीव बस लेनमध्ये ४,००० ते ८,०००, संरक्षित दुहेरी सायकल ट्रॅकवर ७,५०० आणि फुटपाथवर ९,०००. बस लेन बहुतेक वेळ रिकामी दिसते हे खरं आहे. दोन बसमध्ये अंतर असणं हेच तर चांगल्या सेवेचं लक्षण. म्हणून अशा बैठकांत गाड्या मोजू देऊ नका, माणसं मोजा. कोणत्याही गर्दीच्या चौकात एक तास उभं राहून गाड्यांतली आणि बसमधली माणसं वेगवेगळी मोजली की चर्चेचा सूर बदलतो.

मात्र बस लेन तुकड्यातुकड्यात केली तर तिचा त्रास सगळ्यांना दिसतो आणि फायदा कोणाला जाणवत नाही. दिल्लीचा बीआरटी मार्ग, म्हणजे राखीव लेनमधून धावणाऱ्या जलद बसचा मार्ग, २००८ मध्ये सुरू झाला तो जेमतेम ५.८ किलोमीटरचा, आणि २०१६ मध्ये तो उखडला गेला. लांबचा प्रवास करणाऱ्याला एवढ्या छोट्या पट्ट्यात वाचलेली मिनिटं पुढच्या कोंडीत जिरताना दिसतात. गाडीवाल्याला मात्र रोज तिथेच थांबावं लागतं. नायजेरियातल्या लागोसनं २००८ मध्ये पहिला टप्पा २२ किलोमीटरचा केला, साध्या बांधणीचा, कमी खर्चाचा, पण सलग. शिवाय रस्त्यावर आधीपासून मिनीबस चालवणाऱ्यांच्या संघटनेला त्यात सामील करून घेतलं. तुमच्याकडे खासगी मिनीबस किंवा शेअर रिक्षा चालत असतील तर हा मुद्दा सोडू नका. त्या लोकांचं पोट त्या रस्त्यावर आहे. त्यांना बाजूला सारून केलेली योजना पहिल्या संपात कोसळते.

आता तुमचा २४ मीटरचा रस्ता. मध्यापासून एका बाजूला १२ मीटर मिळतात. दुभाजकाचा अर्धा भाग पाव मीटर, सर्वसाधारण वाहनांची एक लेन ३ मीटर, बस लेन ३.२५ मीटर, मग पाऊण मीटरचा कठडा, २ मीटरचा सायकल ट्रॅक आणि २.७५ मीटरचा फुटपाथ. बेरीज बरोबर १२. दुसरी बाजू अशीच. म्हणजे बस, सायकल, पायी चालणारे आणि गाड्या, सगळे बसतात. बसत नाही ते फक्त रस्त्यावरचं पार्किंग. कडेला लावलेल्या गाड्यांची रांग साधारण सव्वादोन मीटर रुंदी खाते, म्हणजे एका बाजूचा अख्खा सायकल ट्रॅक. तुमच्या शहरात खरा वाद इथे होणार आहे. त्याची तयारी आधीच करा: माल उतरवायला सकाळच्या ठरावीक वेळा, आडव्या गल्ल्यांत सशुल्क जागा, अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी राखीव जागा. दुकानदारांना वाटतं त्यांचं गिऱ्हाईक गाडीतून येतं. त्यांच्याशी वाद घालू नका. गिऱ्हाईक कसं आलं याची नोंद एक आठवडा त्यांनाच ठेवायला सांगा आणि ती नोंद समोर ठेवून बोला.

बसथांब्यावर काय करायचं ते नकाशात नीट काढून घ्या, कारण बहुतेक सायकल ट्रॅक तिथेच बिघडतात. प्रवासी सायकल ट्रॅकमध्ये उभे राहतात, बस ट्रॅकवर चढते, सायकलवाला रस्त्याच्या मधोमध फेकला जातो. उपाय असा की सायकल ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा. वर सांगितलेल्या आखणीत कठडा, ट्रॅक आणि फुटपाथ मिळून साडेपाच मीटर आहेत. थांब्यापुरता फुटपाथ २ मीटर, ट्रॅक पावणेदोन मीटर करा, म्हणजे बसच्या बाजूला पावणेदोन मीटरचा फलाट मिळतो. ट्रॅक तिथे हलक्या चढानं फलाटाच्या पातळीला आणा, ओलांडायच्या जागी पट्टे आखा, अंधांसाठी उठावाच्या फरश्या बसवा. बस आपल्याच लेनमध्ये थांबते, बाजूला वळत नाही, त्यामुळे पुन्हा वाहतुकीत शिरायला तिला ताटकळावं लागत नाही. गर्दीच्या थांब्यावर हा फलाट अपुरा पडेल. तिथे समोरासमोरचे दोन थांबे मागेपुढे सरकवा आणि रस्त्याची मध्यरेषा थोडी वळवून जास्त रुंदी मिळवा.

चौकाकडे याहून जास्त लक्ष द्या. दोन चौकांमधला सुंदर ट्रॅक चौकात संपत असेल तर तो ट्रॅक नाहीच. सायकलस्वाराला सगळ्यात मोठा धोका वळणाऱ्या वाहनाचा, त्यातही ट्रकचा आणि बसचा, कारण चालकाला जवळची सायकल आरशात दिसत नाही. डच अभियंते चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटं बेट काढतात आणि सायकलींचा मार्ग गाडीच्या एका लांबीइतका आत घेतात. वळणारी गाडी त्या बेटाला वळसा घालून जवळजवळ काटकोनात सायकलमार्गासमोर येते, तिचा वेग उतरलेला असतो आणि चालकाला सायकल समोरच दिसते. कोपऱ्याची त्रिज्या जेवढी लहान तेवढं वळण हळू. आपले अभियंते कोपरे मोठे गोलाकार करतात, वाहतूक "सुरळीत" व्हावी म्हणून. त्या सुरळीतपणाची किंमत पायी जाणारा आणि सायकलवाला चुकवतो.

नुसत्या पांढऱ्या रेषेवर विश्वास ठेवू नका. रंगवलेला पट्टा चार दिवसांत पार्किंग होतो. स्पेनमधल्या सेव्हिल शहरानं २००६ नंतर थोड्या अवधीत सुमारे ८० किलोमीटरचे एकमेकांना जोडलेले ट्रॅक केले. हिरवे, रस्त्यापासून वेगळे, बहुतेक ठिकाणी पार्किंगची जागा घेऊन. त्याआधी तिथे सायकल चालवणारे नगण्य होते आणि ते शहर भर उन्हाळ्यात भाजून निघतं. तरी काही वर्षांत सायकली अनेक पटींनी वाढल्या. माझ्या मते त्यातला निर्णायक भाग सलगपणाचा होता. दरवर्षी दोन-दोन किलोमीटर सुटे तुकडे केले असते तर कोणी वापरले नसते, आणि "बघा, लोकांना नकोच आहे" असं म्हणायला विरोधक मोकळे झाले असते.

नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की "त्यांची संस्कृतीच वेगळी" असं ऐकू येतं. तसं नाही. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, त्यात तेलाचं संकट आलं, आणि मग धोरण वळलं. ते रस्ते मागून घेतलेले आहेत, वारशानं आलेले नाहीत.

तुमच्या जुन्या भागातल्या अरुंद रस्त्यांवर ट्रॅक करायचा आग्रह मुळीच धरू नका. सहा-सात मीटरच्या रस्त्यावर वेगळा ट्रॅक बसत नाही आणि लागतही नाही. तिथे दोन गोष्टी हव्यात: वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत आणि आरपार जाणाऱ्या गाड्या बंद. वेगाचं गणित सोपं आहे. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरलं तर ताशी ३० नं जाणारी गाडी साधारण १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० नं जाणाऱ्या गाडीचा तेवढ्या अंतरात ब्रेकसुद्धा लागलेला नसतो. समोर मूल असेल तर एकात ते वाचतं.

आरपार वाहतूक थांबवण्याची युक्ती नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरानं सप्टेंबर १९७७ मध्ये वापरली. शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि गाडीनं एका भागातून थेट दुसऱ्या भागात जाणं बंद केलं. गाडीला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून फिरून यावं लागतं. सायकल आणि पायी माणूस सरळ जातो. बेल्जियममधल्या गेंटनं एप्रिल २०१७ मध्ये हेच केलं, मध्यवर्ती पादचारी भागाभोवती सहा विभाग करून. यासाठी खोदकाम फारसं लागत नाही. काही खांब, कुंड्या, एकेरी रस्त्यांच्या बदललेल्या दिशा आणि पाट्या. प्रत्येक घरापर्यंत गाडी आजही पोहोचते, रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंबही जातात. बंद होते ती फक्त गल्लीतून पळवाट काढणारी रहदारी. मला विचाराल तर कमी पैशात सर्वाधिक सुरक्षितता देणारा उपाय हाच आहे, आणि सर्वात कमी वापरला जाणाराही.

उड्डाणपुलाबद्दल फार लिहीत नाही. रस्ता रुंद केला की मोकळ्या झालेल्या जागेत नवी रहदारी येते, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये मांडलं आणि पुढे आकडेवारीनंही ते दाखवून दिलं. पूल शेवटी कुठल्या तरी चौकात उतरतोच, आणि बसथांबे पुलाखाली अंधारात राहतात.

मेट्रोला माझा विरोध नाही. एका दिशेला तासाला तीस-चाळीस हजार माणसं जाणार असतील तर मेट्रोला पर्याय शोधणं अवघड आहे. पण तिला बांधायला वर्षं लागतात, आणि उतरल्यावर पुढचा प्रवास बस, सायकल नाहीतर पायीच होतो. आज बस लेन करून त्या मार्गावरचे प्रवासी वाढवले तर उद्याची मेट्रो भरलेली सुरू होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जमिनीचा वापर. ब्राझीलमधल्या कुरितिबानं बसचा पहिला राखीव मार्ग १९७४ मध्ये सुरू केला, तेव्हा उंच इमारतींना परवानगी त्याच पट्ट्यांलगत दिली. घरं आणि कचेऱ्या बसच्या रेषेवर आल्या, म्हणून बस भरल्या. तुमचं शहर वाढतंय, म्हणजे ही संधी अजून हातात आहे. बाहेरच्या शेतजमिनीवर एकाच प्रवेशद्वाराच्या बंद वसाहती मंजूर होत राहिल्या तर पुढच्या पिढीला तिथे बस नेणं परवडणार नाही. नव्या आराखड्यात रस्ते एकमेकांना जोडलेले हवेत, मुख्य बसमार्ग घरं उभी राहण्याआधी आखलेला हवा, आणि पहिली कुटुंबं राहायला येतील त्या महिन्यात बस सुरू झालेली हवी. गाडी घेऊन झाल्यावर आलेल्या बसकडे कोणी वळत नाही.

विरोध होईल, आणि तो सुरुवातीला सर्वात तीव्र असेल. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमनं गर्दी शुल्क, म्हणजे गाडीनं शहराच्या मध्यभागाची सीमा ओलांडण्याचं शुल्क, जानेवारी ते जुलै २००६ असं प्रयोग म्हणून लावलं, ती सीमा ओलांडणारी रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि मग सप्टेंबरमध्ये लोकांना मत विचारलं. आधी विरोधात असलेलं लोकमत अनुभवानंतर शुल्काच्या बाजूनं झुकलं आणि २००७ मध्ये शुल्क कायम झालं. यातून घ्यायचं ते असं की लोकांना कागदावरचा आराखडा दाखवून मत विचारण्यापेक्षा सहा महिने खांब-कुंड्यांनी प्रत्यक्ष करून दाखवा. पण त्याआधीचे आकडे मोजून ठेवा, नाहीतर नंतर फक्त आवाजाच्या जोरावर निकाल लागतो. बसला टोकापासून टोकापर्यंत लागणारा वेळ, तासाला बसमधून जाणारी माणसं, चौकाचौकातल्या सायकली, त्यांत बायका आणि शाळकरी मुलं किती, आणि अपघात. बायका आणि मुलांची संख्या मी मुद्दाम वेगळी मोजायला लावतो. धाडसी तरुण कुठल्याही रस्त्यावर सायकल चालवतात. आई मुलीला सायकलवर शाळेत पाठवू लागली की रस्ता सुरक्षित झाला हे कळतं.

पहिला मार्ग निवडताना आज सर्वाधिक प्रवासी असलेला निवडा, सर्वाधिक रुंद असलेला नको. रुंद रस्त्यावर काम सोपं जातं, म्हणून सगळे तिकडे वळतात, पण तिथे बसमध्ये माणसंच नसतात. आणि त्या मार्गासाठी एक अधिकारी नेमा, ज्याच्या हाताखाली रस्ता, सिग्नल, थांबे आणि बसच्या फेऱ्या चारही असतील. आज रस्ता एका खात्याचा, सिग्नल पोलिसांचा आणि बस तिसऱ्याच मंडळाची असेल, तर बस लेनमध्ये उभी राहिलेली गाडी हटवायचं काम कोणाचं, हे ठरेपर्यंत संध्याकाळची गर्दी उलटून गेलेली असते.